व्हीयू३ परवाना आला: कुठं बोलायचं, कुठं नाही, आणि बँडवर वागायचं कसं?

खानापूर_नवीन

नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचा (हौशी रेडिओचा) रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना आणि व्हीयू३ची कॉल साइन (हवेवरची ओळख) हातात आलीय. ठिकाण बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, परड्यात दोन उंच नारळ आहेत. सेट दोन: बाओफेंग यूव्ही-५आर हँडी आणि शंभर वॅटचा वापरलेला एचएफ (शॉर्टवेव्हचा) सेट. परीक्षेपुरतं पाठ आहे, पण प्रत्यक्ष पीटीटी (बोलायचं बटण) दाबायच्या आधी काही गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत.

हँडी १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झवर सगळीकडं ट्रान्समिट करतो. आपल्याला नेमकं कुठं चालतं? व्हिडिओत ४३३.५०० आणि ४४६.००० सांगतात, ते इथं लागू आहे का? चाळीस मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) आवाजासाठी डायल कुठं ठेवावा? रिपीटर (सिग्नल उचलून पुढं पाठवणारं स्टेशन) ऐकू येतो, पण मी दाबलं की उठत नाही, त्याचं कारण काय असावं? आणि चंदगड, कोल्हापूरकडच्यांशी बोलायला राज्य बदलतं म्हणून वेगळं काही लागतं का? मराठीत बोललेलं चालतं का?

---

घटप्रभा_एचएफ

अभिनंदन. आधी एक खूणगाठ बांधा: सेट ट्रान्समिट करतो म्हणजे परवानगी आहे असं नाही. सेटला हद्द कळत नाही, ती आपण पाळायची.

हँडीपुरतं सांगायचं तर भारतात हॅमसाठी दोन मीटरवर १४४ ते १४६ आणि सत्तर सेंटिमीटरवर ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. त्याच्या एक किलोहर्ट्झ बाहेरही नाही. ४३३.५०० हे युरोपातलं, तिथं बँड ४३० ते ४४० आहे. आपल्याकडं ४३३ ते ४३४ हा पट्टा गाडीच्या रिमोटसारख्या अगदी कमी शक्तीच्या उपकरणांचा. ४४६.००० अमेरिकेतले हॅम वापरतात. आपल्या ४३८च्या ते कितीतरी वर आहे, म्हणून विसरा. १४६च्या वर निरनिराळ्या खात्यांची आणि कंपन्यांची जाळी असतात. तिथं चुकून दाबलं तरी तो परवान्याचा भंगच.

हे लक्षात ठेवायच्या भरवशावर राहू नका, सेटमध्येच बांधून टाका. चर्प सॉफ्टवेअरमध्ये सेट वाचून घ्या, सेटिंगमध्ये व्हीएचएफ आणि यूएचएफच्या खालच्या-वरच्या मर्यादा असतात, त्या १४४-१४६ आणि ४३४-४३८ करा. नुसत्या ऐकायच्या चॅनेलला डुप्लेक्सच्या रकान्यात ‘ऑफ’ निवडलं की त्या चॅनेलवर पीटीटी दाबूनही काही जात नाही. बदल करण्याआधी मूळ फाइल वेगळ्या नावानं जपून ठेवा.

एचएफचे मुख्य पट्टे असे: १.८२० ते १.८६०, ३.५०० ते ३.७०० आणि ३.८९० ते ३.९०० ही छोटी खिडकी, ७.००० ते ७.२००, १४.००० ते १४.३५०, १८.०६८ ते १८.१६८, २१.००० ते २१.४५०; २४.८९० ते २४.९९०, २८.००० ते २९.७००. यातले तुमच्या श्रेणीला कोणते, ते परवान्याच्या तक्त्यातून एका कागदावर उतरवून सेटच्या वर चिकटवा. ४०, २०, १५ आणि १० मीटरवर व्हीयू३ची मंडळी रोज भेटतील. शक्ती मात्र तुमच्या श्रेणीला एचएफवर ५० वॅट, वरच्या जनरल श्रेणीच्या व्हीयू२ला ४००. तुमचा सेट शंभराचा आहे, तेव्हा मेनूतून ५० वर आणून ठेवा आणि पॉवर मीटरवर तपासा. नॉब अंदाजे अर्ध्यावर ठेवून भागत नाही, बऱ्याच सेटांत नॉबचं अर्धं म्हणजे शक्तीचं अर्धं नसतं.

आता कडेचा मुद्दा, नवीन माणूस हमखास इथंच फसतो. डायलवर दिसतो तो आकडा म्हणजे तुमचा पूर्ण सिग्नल नव्हे. एसएसबीत (एचएफवर आवाजाचा नेहमीचा मोड) तो डायलपासून साधारण ३०० ते २७०० हर्ट्झ एका बाजूला पसरतो. यूएसबीत वरच्या बाजूला, एलएसबीत खालच्या. म्हणून वीस मीटरवर यूएसबीत डायल १४.३४८ ठेवला तर आवाजाचं टोक १४.३५०७ला जातं, म्हणजे बँडच्या बाहेर. १४.३४७च्या वर डायल नेऊच नका. रिवाज असा की १० मेगाहर्ट्झच्या खाली आवाजाला एलएसबी, वर यूएसबी.

चाळीस मीटरवर एलएसबी असल्यामुळं धोका खालच्या बाजूला. ७.००० ते ७.०३० सीडब्ल्यूवाल्यांचं (मोर्सवाल्यांचं) धरा, तिथं बोलायला जाऊ नका. ७.०७४ला एफटी८ (संगणकानं चालणारा डिजिटल मोड) असतं, ते यूएसबीत, म्हणजे ७.०७४ ते ७.०७७ भरलेलं असतं. तुम्ही ७.०७८ला एलएसबीत बोललात तर तुमचा आवाज ७.०७५३ ते ७.०७७७ व्यापतो, बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. डायल ७.०८०च्या वर ठेवलात की कुणाला त्रास नाही. वरची हद्द ७.२००. तिथून पुढं आपल्या भागात ब्रॉडकास्ट स्टेशनं आहेत, रात्री त्यांचा गोंगाट ७.१९०च्या आसपासही येतो.

वीस मीटरवर १४.१००च्या दोन्ही बाजूंना थोडी जागा मोकळी सोडा. तिथं जगभरचे बीकन (आपोआप सिग्नल सोडणारी स्टेशनं) तीन मिनिटांच्या फेरीत दर दहा सेकंदांनी आळीपाळीनं लागतात. आधी कॉल साइन, मग चार लांब डॅश: १०० वॅट, १० वॅट, १ वॅट आणि ०.१ वॅट. किती डॅश ऐकू येतात त्यावरून त्या दिशेचा बँड किती उघडा आहे ते कळतं. नवीन अँटेना तपासायलाही हा उत्तम उपाय, आणि त्यासाठी पीटीटी दाबावी लागत नाही.

---

टिळकवाडी_की

वरचं उत्तर पक्कं आहे. मी बँडवरच्या वागण्याबद्दल लिहितो, कारण वारंवारता चुकली तर मीटर सांगतो, वागणं चुकलं तर कुणी तोंडावर सांगत नाही, नुसतं उत्तर देणं बंद करतात.

पहिले आठ-दहा दिवस नुसतं ऐका. वही घ्या आणि वेळ, वारंवारता, मोड, कॉल साइन, सिग्नल किती, एवढं लिहा. कोणती नेट (ठरलेल्या वेळी हवेवर जमणारा गट) किती वाजता कुठं भरते, कंट्रोल कोण, चेक-इन कधी मागतात, हे त्या वहीतूनच कळतं. लॉग ठेवणं नियमातही आहेच, त्यामुळं सवयही लागेल. वेळेला यूटीसी वापरा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा.

सीक्यू (कुणी आहे का, अशी सर्वांना हाक) देण्याआधी किमान मिनिटभर ऐका. वारंवारता शांत वाटली तरी ती मोकळी असेल असं नाही. एचएफवर स्किपमुळं (सिग्नल मधला भाग ओलांडून लांब उतरतो, त्यामुळं) दोघांपैकी एकच ऐकू येतो. तुम्हाला शांतता वाटते तेव्हा दुसरा बोलत असतो. मग ‘इज द फ्रीक्वेन्सी इन यूज?’ असं कॉल साइनसह विचारा, पाच-सात सेकंद थांबा, पुन्हा विचारा. सीडब्ल्यूवर तेच काम क्यूआरएल आणि प्रश्नचिन्ह करतं. कुणी ‘येस’ म्हटलं की ‘सॉरी, क्यूएसवाय’ (वारंवारता बदलतो) म्हणून किमान तीन किलोहर्ट्झ बाजूला व्हा. वाद घालू नका. वारंवारता कुणाच्या मालकीची नसते, पण आधी असलेल्याला मान असतो.

सीक्यू लहान ठेवा. ‘सीक्यू’ तीनदा, कॉल साइन दोनदा, त्यातली एकदा आंतरराष्ट्रीय उच्चारशब्दांत: व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री आणि पुढची तुमची अक्षरं. मग थांबून ऐका. उच्चारशब्द मनाचे बनवू नका. समोरचा कोलंबोचा असो की कझाकस्तानचा, ‘अल्फा, ब्राव्हो’ त्याच्या कानाला बसलेले असतात. कॉल साइन प्रत्येक बोलण्याच्या सुरुवातीला, शेवटी, आणि बोलणं लांबलं तर दहा-दहा मिनिटांनी द्यायची.

ट्यूनिंगबद्दल कळकळीनं सांगतो. ज्या वारंवारतेवर कुणी बोलतंय तिथं कॅरिअर टाकून अँटेना ट्यून करायची नाही. डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) विकत घ्या किंवा बनवा. १ किलोओमचे दोन वॅटचे वीस कार्बन फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओम होतात आणि सगळे मिळून ४० वॅट सोसतात. वायरवाउंड घेऊ नका, ते कॉइलसारखे वागतात. अँटेनावरच ट्यून करायची वेळ आली तर मोकळी जागा बघा, शक्ती ५ ते १० वॅट, आणि दहा सेकंदांत उरका.

दुर्मिळ स्टेशनाभोवती गर्दी झाली तर ते ‘अप’ किंवा ‘फाइव्ह अप’ म्हणतं. त्याचा अर्थ ते स्वतःच्या वारंवारतेवर ऐकत नाही, पाच किलोहर्ट्झ वर ऐकतं. सेटवर स्प्लिट लावा: व्हीएफओ ए वर ऐकणं, बी वर बोलणं. स्प्लिट न लावता त्याच्याच वारंवारतेवर हाका मारल्या की सगळ्यांचं ऐकणं बुडतं. आणि कुणी तसं चुकलं तर ‘अप, अप’ म्हणून ओरडणाऱ्यांत आपण सामील व्हायचं नाही, त्यानं गोंधळ दुप्पट होतो.

विषयाचं म्हणाल तर तांत्रिक गोष्टी, हवामान, अँटेना, सेट, घरचं बरं-वाईट, एवढंच. राजकारण, धर्म, धंदा, गाणी वाजवणं, सांकेतिक बोलणं हे परवान्याच्या बाहेर. आपल्या भागात हे मुद्दाम सांगायला हवं: सीमाप्रश्न हवेवर काढायचा नाही. निवडणूक, मोर्चा, पाट्यांचा वाद, काहीच नाही. बँडवर धारवाडचा, कोल्हापूरचा, मडगावचा माणूस एकाच वेळी ऐकत असतो आणि आपण सगळे एकाच केंद्रीय परवान्यावर बोलतो. म्हणूनच चंदगडशी बोलायला वेगळं काही लागत नाही. परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीचा आहे, राज्याचा नाही. फक्त स्टेशनाचा पत्ता परवान्यावर असतो. घर बदललंत तर सरल संचार पोर्टलवरून दुरुस्ती करून घ्या.

मराठीत खुशाल बोला. नियमाला साधी, उघड भाषा हवी. पण नेटवर कुणाला मराठी कळत नसेल तर सगळ्यांना कळेल त्या भाषेत या. दोघांनी मराठीत सुरुवात केली आणि तिसरा कन्नड माणूस ‘ब्रेक’ म्हणून आला, तर त्याला घेऊन कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत वळायचं. एवढ्यानं बँडवर माणसं जोडली जातात.

---

उद्यमबाग_सोल्डर

रिपीटरच्या प्रश्नाचं उत्तर. ऐकू येतो पण उठत नाही, याची बहुतेक कारणं सेटिंगमध्येच सापडतात. यूव्ही-५आरवर याच क्रमानं बघा.

मेनू २५, एसएफटी-डी (बोलायची वारंवारता वर की खाली): दोन मीटरच्या रिपीटरला बहुधा वजा. मेनू २६, ऑफसेट (किती सरकायची): ००.६००. इथं शून्यं मोजा, ०६.००० झालं तर तुम्ही सहा मेगाहर्ट्झ खाली, बँडच्या बाहेर बोलताय. समजा रिपीटर १४५.६५०वर ऐकू येतो, तर पीटीटी दाबल्यावर स्क्रीनवर १४५.०५० दिसलं पाहिजे. मेनू १३, टी-सीटीसीएस: इथं रिपीटरचा टोन (रिपीटर उघडणारा सूर), उदाहरणार्थ ८८.५. बरेच जण टोन मेनू ११मध्ये टाकतात. तो आर-सीटीसीएस, म्हणजे ऐकण्याचा. तिथं टाकला तर रिपीटर उठायचा राहिलाच, उलट त्यानं टोन परत पाठवला नाही तर तुम्हाला तो ऐकू येणंही बंद होतं. मेनू ११ बंद ठेवा.

मेनू ७, टीडीआर, म्हणजे दोन वारंवारता एकाच वेळी ऐकणं. हे बंद करा. चालू असेल तर दुसऱ्या ओळीवर कुणी बोललं की सेट काही सेकंद तिकडं सरकतो आणि त्याच क्षणी पीटीटी दाबली तर तुम्ही तिसरीकडंच बोलता. मेनू ५ वाइड. मेनू ९, टीओटी १२० सेकंद ठेवा, म्हणजे बटण दबून राहिलं तरी रिपीटर अडकून पडणार नाही.

हे सगळं बरोबर असूनही उठला नाही तर तुमचा सिग्नलच पोहोचत नाही. रिपीटर डोंगरावरून पंचवीस वॅटनं सांगतो, तुम्ही पाच वॅटच्या हँडीनं आणि बोटभर अँटेनानं उत्तर देता. व्हीएचएफचं क्षितिज साधारण असं काढा: दोन्ही अँटेनांच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ घ्या, बेरीज करा, ४.१२नं गुणा. दोन्ही हँडी दीड मीटरवर असतील तर दहा किलोमीटर, तेही सपाट मोकळ्या माळावर. दोन्हीकडं दहा मीटरच्या काठीवर अँटेना असेल तर सव्वीस. खानापूरच्या पश्चिमेला जंगल आणि घाट आहे, त्या बाजूला हा हिशेब चालत नाही. उंची वाढवणं हाच उपाय.

केबलमध्ये कंजुषी करू नका. आरजी-५८मध्ये १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागं साधारण २० डेसिबल जातात. म्हणजे वीस मीटर केबलीत ४ डेसिबल: दहा वॅट टाकले तर अँटेनाला चार. आरजी-२१३ घेतलीत तर तोटा निम्म्याहून कमी. एचएफला मात्र आरजी-५८ चालते.

पाऊस आपल्याकडचा जोराचा. पीएल-२५९ जोडावर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून, खालून वर गुंडाळा, म्हणजे थर कौलासारखे एकावर एक येतात. त्यावर साधी इन्सुलेशन टेप. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथून गळून जाईल. एकदा वेणीत पाणी शिरलं की ते केशिकेसारखं आत चढतं, तांबं काळं पडतं आणि त्या तुकड्याला पुन्हा जीव येत नाही, कापूनच टाकावा लागतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वेळी केबल सेटवरून काढून खिडकीबाहेर टाका. नुसता सेट बंद करून काही होत नाही.

रिपीटरवर एक शिस्त: दाबल्यावर सेकंदभर थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द टोन उघडण्यात जातो. आणि समोरच्याचं संपलं की लगेच दाबू नका, दोन सेकंद सोडा. त्या फटीत एखादा अडचणीतला माणूस येऊ शकतो.

---

खानापूर_नवीन

टोन मेनू ११मध्येच होता. १३मध्ये टाकला आणि रिपीटर उठला, धन्यवाद ओ. पुढचं विचारतो. एफटी८ करायचंय, संगणक जोडायची केबल आहे. शक्ती किती? काय बघायचं? आणि एचएफवर संध्याकाळी एस७चा (सिग्नल मीटरवर ७) घुरघुराट असतो, दुपारी नसतो.

---

घटप्रभा_एचएफ

एफटी८ला २० ते ३० वॅट भरपूर. सेटचा ट्रान्समीटर १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद सलग पूर्ण शक्तीनं चालतो, बोलण्यासारखा वरखाली होत नाही. फायनल ट्रान्झिस्टर तापतात. संगणकाचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, नाहीतर सगळे सिग्नल दिसतील आणि एकही डीकोड होणार नाही. इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणारा प्रोग्राम आधी बसवा.

ऑडिओची पातळी अशी ठेवा की एएलसीची (शक्ती आपोआप आवरणाऱ्या सर्किटची) सुई जेमतेम हलेल, शक्यतो शून्यावर. स्पीच कॉम्प्रेसर बंद. एएलसी भरला की तुमची एक रेघ वॉटरफॉलवर (पडद्यावरच्या सिग्नलच्या चित्रात) तीन-चार रेघा होऊन दिसते आणि शेजारच्या दहा जणांची जागा खाते. डायलच्या जागा ठरलेल्या: ३.५७३, ७.०७४, १४.०७४, १८.१००, २१.०७४, २८.०७४. सगळीकडं यूएसबी, चाळीस आणि ऐंशी मीटरवरसुद्धा. हाक मारणाऱ्याच्या विरुद्ध पाळीत आणि वॉटरफॉलवर मोकळी दिसणारी फट बघून बसा. संगणकाला सोडून उठून जाऊ नका. ऑपरेटर तुम्ही आहात, प्रोग्राम नव्हे.

आवाजालाही हेच लागू. माइक गेन इतकाच की जोरात बोलल्यावर एएलसी त्याच्या पट्टीच्या आत राहील. शेजारी ‘तुम्ही रुंद आहात’ म्हणाला तर राग मानू नका, गेन कमी करून त्यालाच पुन्हा विचारा.

---

उद्यमबाग_सोल्डर

घुरघुराट शोधायची पद्धत: सेट बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच पाडा. आवाज गेला तर उगम घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. संध्याकाळीच येतो म्हणजे पहिला संशय एलईडी दिव्यांवर, मग मोबाइल चार्जर, टीव्ही, इन्व्हर्टर. मेन पाडूनही राहिला तर बाहेरचा. पंपाचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं यंत्र), सोलरचा इन्व्हर्टर, किंवा ११ केव्ही लाइनवरचा तडकलेला इन्सुलेटर. लाइनचा आवाज १०० हर्ट्झचा करकरीत असतो आणि पाऊस पडला की बऱ्याचदा बदलतो. एएमवर छोटा ट्रान्झिस्टर घेऊन खांबाखाली फिरलात की खांब सापडतो. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागांजवळ किंवा उद्यमबागेत कारखाने चालू असताना चाळीस मीटर ऐकणं कठीणच, त्या मानानं खानापूर नशीबवान आहे.

सापडलेल्या चार्जरला फेराइटच्या कड्यातून आठ-दहा वेटोळे द्या. अँटेनाच्या केबललाही सेटजवळ चोक करा: एफटी२४०-४३ कड्यावर आरजी-५८चे बारा वेटोळे. केबलच्या बाहेरच्या बाजूनं चढणारा घरातला गोंगाट यानं अडतो.

---

निपाणी_वेदगंगा

सगळं छान चाललंय, एका ठिकाणी वेगळं मत मांडतो. टिळकवाडी सरांनी संभाषणात शिरायला ‘ब्रेक’ लिहिलंय. साध्या वेळी नुसती कॉल साइन सांगून थांबावं, ‘ब्रेक’ तातडीसाठी राखून ठेवावा. एरवी प्रत्येक जण ‘ब्रेक’ म्हणू लागला की खऱ्या वेळी कुणी थांबत नाही.

हे मी निपाणीतून का लिहितोय ते तुम्हाला कळेल. ऑगस्ट २०१९ला वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आलं आणि कोल्हापूर-बेळगाव वाहतूक बंद पडली. २०२१च्या जुलैतही तेच झालं. मोबाइलचे टॉवर डिझेल संपलं की बंद पडतात. अशा वेळी हॅमला तिसऱ्या माणसाचा निरोप नेता येतो, एरवी नाही. पण निरोप न्यायचीही रीत आहे.

नेट कंट्रोलनं बोलावल्याशिवाय दाबायचं नाही. आलात की कॉल साइन, ठिकाण, बॅटरी किती तास पुरेल, एवढंच सांगा. निरोप आधी कागदावर: क्रमांक, कुणाकडून, कुणाला, वेळ, मजकूर. मजकूर पंचवीस शब्दांत बसवा. गावाचं नाव अक्षरं फोडून सांगा आणि तालुका जोडा, कारण एकाच नावाची गावं हुक्केरीतही असतात, चिकोडीतही आणि कागलमध्येही. घेणाऱ्यानं पूर्ण परत वाचून दाखवायचं, तोवर निरोप गेला असं धरू नका. ‘धरणातून एवढे क्युसेक सोडले म्हणे’ असलं ऐकीव काही द्यायचं नाही. आकडा देणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा आणि वेळ असेल तरच द्या. मृतांची नावं हवेवर कधीच नाहीत.

आपल्या विभागात आणीबाणीचं काम ३.६००, ७.११० आणि १४.३००च्या आसपास चालतं. या जागा रोज वापरू नयेत असं नाही, पण तिथं बसलात तर कान उघडा ठेवा आणि मागितल्या क्षणी जागा सोडा. दिवसा बेळगाव-कोल्हापूर-हुबळी-पणजी या टापूसाठी चाळीस मीटरचा बुटका डायपोल (मध्ये केबल जोडलेली दोन बाजूंची तार) सगळ्यात उपयोगी. सात-आठ मीटर उंचीवर टांगला की सिग्नल उभा वर जाऊन खाली येतो आणि घाट मध्ये आला तरी अडत नाही. रात्री चाळीस मीटरचा स्किप लांबतो, जवळचे ऐकू येईनासे होतात, तेव्हा ऐंशी मीटर.

---

टिळकवाडी_की

‘ब्रेक’बद्दल तुमचं बरोबर. नवीन माणसानं कॉल साइननंच शिरावं, हेच धरा.

---

खानापूर_नवीन

चाळीस मीटरचा डायपोल दोन नारळांमध्ये आठ मीटरवर टांगला. नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायचं यंत्र) सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली त्याचं माप, कमी तितकं चांगलं) ६.८८०ला येतो, १.३. ७.१००ला २.६. तार किती कापू?

---

उद्यमबाग_सोल्डर

तारेची पूर्ण लांबी: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ६.८८०ला २०.७८ मीटर, ७.१००ला २०.१४. फरक ६४ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला ३२. पण एकदम ३२ कापू नका. आधी दोन्ही टोकांना २० सेंटिमीटर मागं दुमडून तारेला घट्ट पीळ द्या आणि पुन्हा टांगून मोजा. दुमडलेला भाग तारेला चिकटून असला की कापल्यासारखाच वागतो. आकडा हवा तिथं आला की मग कापा.

आणखी एक. नारळ वाऱ्यात दीड-दोन फूट हलतो, दोन्ही टोकं घट्ट बांधलीत तर पहिल्या वादळात तार तुटेल. एका टोकाला कप्पी लावा, दोरी त्यातून घेऊन खाली दोन-तीन किलोचं वजन टांगा, वजन जमिनीपासून मीटरभर वर राहू दे. दोरी नायलॉनची नको, उन्हात कुजते. काळी पॉलिएस्टरची घ्या.